गावच्या रुग्णवाहिकेत पाऊस शिरू देऊ नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मृग तोंडावर आला आहे. चाकरमानी गावी आले आहेत आणि मंडळांच्या बैठका सुरू आहेत, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावाच्या मंडळाची रुग्णवाहिका मी चालवतो. मुंबईकरांनी वर्गणी काढून घेतलेली ती 2013 सालची ओम्नी आहे. कोकणात अशा शेकडो गाड्या मंडळांच्या, पतसंस्थांच्या, देवस्थानांच्या नावाने फिरतात. ओम्नीचे उत्पादन 2019 मध्ये थांबले, त्यामुळे यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता जुन्यात जमा आहे.

108 ची सरकारी रुग्णवाहिका सेवा 2014 पासून आहे आणि अपघात झाला, छातीत कळ आली, तर लोक तिलाच फोन करतात. ते बरोबरच आहे. पण डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा रत्नागिरीला जाणारा पेशंट, ऑपरेशन होऊन घरी निघालेली म्हातारी, रात्री घरी आणायचा मृतदेह, ही कामे आमच्यासारख्या गाड्यांची. गाडी कशीही असली तरी ती भर पावसात निघावीच लागते.

गेल्या पावसाळ्यात आमची गाडी आतून गळायला लागली. निवळीचा घाट चढताना स्ट्रेचरच्या पायाकडे धार लागायची आणि उतारावर ब्रेक मारला की तेच पाणी पुढे माझ्या मानेवर यायचे. डायलिसिसच्या एका आजींच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी. सुया काढल्यावर त्या जागेवर पट्टी असते आणि ती कोरडी राहायला हवी. त्या बिचाऱ्या हात प्लास्टिकच्या पिशवीत घालून सबंध रस्ता छातीशी धरून बसायच्या. ‘आजी, जरा अलीकडे सरका’ म्हणायचे, पण अलीकडे सरकायला जागा असते कुठे?

एका गॅरेजमध्ये दाखवले. त्यांनी मागच्या दरवाजाच्या कडेने सिलिकॉनची नळी रिकामी केली आणि गाडी परत दिली. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी होते तिथेच. पाणी जिथे टपकते तिथूनच आत शिरते असे समजून काम केले की हे असेच होते. छपराच्या पत्र्याखाली आडव्या पट्ट्या असतात. पाणी एखाद्या भोकातून आत येते, पट्टीवरून हातभर सरकते आणि अस्तराला जिथे उतार मिळेल तिथे खाली येते. गाडी चढावर आहे की उतारावर, यावर त्याची जागा बदलते.

शेवटी देवरुखच्या एका जुन्या पत्रा मिस्त्रींनी छपराचे अस्तरच उतरवले. पट्ट्यांवर आणि सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली, मला टॉर्च देऊन आत बसवले आणि बाहेरून नळीने पाणी सोडले. तेही खालून वर. आधी सरकत्या दरवाजाचा रूळ, मग खिडक्या, मग पन्हाळ आणि सगळ्यात शेवटी छप्पर. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळ्या सांध्यांवरून जाते आणि खरा चोर सापडत नाही, असे ते म्हणाले. प्रत्येक जागी नळी बराच वेळ एकाच ठिकाणी धरायची, घाई करायची नाही. नळी छपरावरच्या लाल दिव्याशी आली आणि दिव्याच्या एका बोल्टभोवतीची पावडर ओली झाली. तिथून एक बारीक रेघ पट्टीवरून सरळ मागे धावली. मागचा दरवाजा त्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला होता.

रुग्णवाहिकेच्या बाबतीत हेच लोकांच्या लक्षात येत नाही. साध्या व्हॅनच्या छपराला भोके नसतात. रुग्णवाहिका करताना दिव्याचे बोल्ट, वायरचे भोक, सायरन, आतला पंखा, सलाईनची दांडी यांच्यासाठी पत्र्याला ठिकठिकाणी भोके पाडली जातात. भोकांच्या कडेला रंग लावत नाहीत आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथे गंज धरतो. गंज धरला की भोक मोठे होते आणि वॉशर नावापुरता उरतो. वायर वरून सरळ आत घेतली असेल तर पाणी वायर धरूनच आत उतरते. मिस्त्रींनी दिवा उतरवला, कडा घासून कोरा पत्रा काढला, प्रायमर मारला, प्रत्येक बोल्टखाली जाड रबराचा वॉशर आणि पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट दिले. वायर आत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा ठेवला, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी थेंब होऊन बाहेरच पडते. पन्हाळीतला जुना तडकलेला सीलंटही खरवडून नवा भरला.

सिलिकॉनबद्दल त्यांचे मत फार कडक आहे आणि मला ते पटते. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते आणि उघड्या पत्र्याला ते चांगले नाही. ज्या जागी ते एकदा लागले तिथे नंतर रंग धरत नाही. आधीच्या गॅरेजने थापलेले काढायलाच त्यांचा निम्मा दिवस गेला.

मागच्या दरवाजाचे रबरही बदलावे लागले. स्ट्रेचर आत-बाहेर करताना त्याची चाके उंबरठ्यावरच्या रबराला घासतात आणि ते तिथेच फाटते. नवे रबर मीटरवर विकत मिळते. ते बसवताना जोड खालच्या बाजूला यायला हवा. वर आला तर नवे रबर असूनही पाणी येणार. सरकत्या दरवाजाच्या तळाला पाणी जायला भोके असतात, ती चिखलाने बुजली होती. सायकलच्या तारेने उघडल्यावर दरवाजातून पेलाभर लाल पाणी बाहेर आले.

हे सगळे झाल्यावर मिस्त्री म्हणाले, आता खालचे बघू. मजल्यावरचे व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचे आवरण, उचलले आणि मला धक्काच बसला. खालचे प्लायवूड भिजलेल्या पावासारखे फुगून काळे पडले होते. बोटाने ते निघत होते आणि कुबट वास तर दारापर्यंत येत होता. प्लाय काढल्यावर ऑक्सिजन सिलिंडरच्या पट्ट्याचा बोल्ट पत्र्यासकट हातात आला. भरलेल्या सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो. घाटात जोरात ब्रेक मारला असता आणि तो सुटला असता तर पेशंटचे आणि नातेवाइकांचे काय झाले असते, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

मजला नुसत्या पावसाने कुजला नव्हता. पेशंटला उलटी झाली, रक्त सांडले की आम्ही मजला हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक पाण्याने धुतो. करोनात तर प्रत्येक फेरीनंतर धूत होतो. ते करायलाच हवे. पण व्हिनाइलच्या कडा मोकळ्या असतील तर ते पाणी खाली जाऊन बसते आणि लोखंडाला ते पावसाच्या पाण्यापेक्षा जास्त खाते. म्हणून आता व्हिनाइल बाजूच्या पत्र्यावर चार बोटे वर चढवून कडेने बंद केले आहे. मजल्याचा कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला. वेल्डिंगच्या आधी सिलिंडर बाहेर, बॅटरीची वायर सुटी आणि पेट्रोलची टाकी उतरवून लांब, हे मिस्त्रींनी स्वतः पाहिले. सिलिंडरच्या पट्ट्याखाली जाड लोखंडी पट्टी दिली, म्हणजे ओढ एका बोल्टवर येत नाही.

या कामाचा खर्च काही हजारांत होता. नव्या गाडीच्या मानाने तो काहीच नाही. तरीही तो मिळवताना मंडळाच्या सेक्रेटरींना दारोदार जावे लागले. गाडी द्यायला देणगीदार पुढे येतात, लोकार्पणाला नारळ फुटतो, गाडीच्या दोन्ही बाजूंना नावे रंगवली जातात. त्या सगळ्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, कारण त्यांच्यामुळे आमच्या गावचे लोक वेळेवर दवाखान्यात पोचतात. पण सहाव्या-सातव्या वर्षी छप्पर गळायला लागते तेव्हा कोणाचेही नाव लावण्यासारखे काम उरलेले नसते. रबर, सीलंट आणि प्रायमर यांना देणगी मागायला गेले की ‘डिझेल-पेट्रोलचे बघतो, बाकी तुम्ही भागवा’ असे उत्तर मिळते.

म्हणून मंडळांना आणि मुंबईच्या शाखांना माझी हात जोडून विनंती आहे. मे महिन्याच्या बैठकीत रुग्णवाहिकेच्या पत्र्याच्या कामाचा वेगळा खर्च मंजूर करा, इंधनाच्या पैशात तो मिसळू नका. छपराचा दिवा वर्षातून एकदा उतरवून बघा आणि व्हिनाइलचा कोपरा उचलून बघा. ड्रायव्हरला एक दिवस गाडी उभी ठेवायची परवानगी द्या, त्या दिवशी शेजारच्या गावाच्या गाडीने फेरी करावी. आमच्याकडे दोन गावांनी तसे ठरवून घेतले आहे आणि ते चालते.

दुसरी विनंती परिवहन खात्याला. आमच्यासारख्या आठ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावे लागते. त्या वेळी ब्रेक, दिवे, टायर बघितले जातात, ते ठीकच आहे. रुग्णवाहिकेच्या बाबतीत सिलिंडरचा पट्टा आणि स्ट्रेचरचा कुलूप-बोल्ट हाताने ओढून बघावा आणि त्याच्या खालचा पत्रा गाडीखालून टॉर्चने तपासावा. पाच मिनिटांचे काम आहे. त्यात गाडी नापास झाली तर आम्हा ड्रायव्हरांना राग येणार नाही. उलट मंडळाकडे पैसे मागायला आमच्या हातात एक कागद येईल.

वाचकांपैकी कोणी यंदा आपल्या गावच्या रुग्णवाहिकेसाठी काही देणार असतील, तर आधी ड्रायव्हरला विचारावे की मागच्या दरवाजाचे रबर कधी बदलले आहे, आणि तेच आधी घेऊन द्यावे.

आपला,
एक रुग्णवाहिका चालक, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी