बाबांचा प्रश्न, आईचा निर्णय

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, कॅन्सरमुळे काढलेल्या तुझ्या स्तनाच्या जागी तुझ्याच अंगातली चरबी भरून घ्यायची का, हा विषय परवा फोनवर निघाला, तेव्हा बाबा म्हणाले, "जिवंत चरबी नेऊन तिथेच भरायची, म्हणजे निजलेल्या आजाराला डिवचायचंच की!" तू लगेच विषय बदललास. मला मात्र तो प्रश्न सोडवेना. म्हणून हे पत्र. फोनवर बाबा मला वाक्य पुरं करू देत नाहीत.

बाबा, तुमची भीती उगाच नाही. चरबीत मूळ पेशी असतात, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी बनतात त्या. प्रयोगशाळेत त्या कॅन्सरच्या पेशींशेजारी ठेवल्या की कॅन्सरच्या पेशी जोमाने वाढतात, असं संशोधकांना दिसलं आहे. १९८७ मध्ये तर अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने स्तन मोठे करायला चरबी भरण्याला विरोधच केला होता. त्याचं कारण निराळं होतं. भरलेल्यातली काही चरबी मरते, तिथे कॅल्शियमचे कण साठतात, आणि मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, ते कॅन्सर लपवतील किंवा कॅन्सरसारखेच दिसतील, अशी शंका होती. २००९ मध्ये संघटनेने ती ताठर भूमिका सोडली.

पण प्रयोगशाळेतली बशी म्हणजे आई नव्हे. प्रत्यक्ष बायकांमध्ये काय झालं? २०१८ मध्ये ५९ अभ्यासांची, ४,२९२ पेशंटची माहिती एकत्र तपासली गेली. चरबी भरलेल्यांत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण न भरलेल्यांपेक्षा जास्त आढळलं नाही. एक खडा मात्र दातांखाली येतोच: इटलीतल्या मिलानच्या एका अभ्यासात, ज्यांचा कॅन्सर दुधाच्या नळ्यांतून बाहेर पडलाच नव्हता, अशा बायकांच्या छोट्या गटात तो जास्त वेळा परतलेला दिसला. आईचा आजार त्या प्रकारातला नव्हता आणि तिचा स्तन पूर्ण काढला आहे. तरी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट सर्जनसमोर ठेवून हे विचाराच.

आई, आता तुझ्यासाठी. पोटाची किंवा मांडीची चरबी बारीक नळीने ओढून घेतात आणि सिरिंज यंत्रात गरगर फिरवतात. थांबल्यावर तीन थर दिसतात: वर तेल, खाली रक्त-पाणी, मधे पिवळी दाणेदार चरबी. तेवढी मधलीच वापरायची, तीही थेंबाथेंबाने, वेगवेगळ्या थरांत. एका जागी गोळा केला तर मधल्या पेशींना रक्त पोचत नाही आणि त्या मरतात. जपून भरली तरी काही चरबी शरीर जिरवून टाकतंच, म्हणून काही महिन्यांच्या अंतराने दोन-तीनदा करावं लागू शकतं. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर दुसऱ्या वेळी फसवल्यासारखं वाटतं. रेडिएशनने बरगड्यांना चिकटलेली ती ताठ कातडी यानंतर बऱ्याच जणींची मऊ पडते. मला तर आकारापेक्षा हेच मोलाचं वाटतं.

नंतर हाताला वाटाण्याएवढी गाठ लागू शकते. बहुतेकदा ती मेलेल्या चरबीची किंवा तेलाच्या पुटकुळीची असते. पण 'बहुतेकदा' म्हणून घरी बसायचं नाही. सोनोग्राफी करायची आणि शंका राहिली तर सुईने तुकडा काढून तपासायचा. खरं सांगायचं तर मला आजार उलटण्यापेक्षा याचीच जास्त धास्ती आहे. प्रत्येक गाठीला घरातली झोप उडणार, आणि बाबांची सगळ्यांत आधी.

आई, कुठे जाताना तू रुमालाची घडी करून आत सरकवतेस, आणि चारचौघांत ती सरकली की हात छातीशी धरून उभी राहतेस. ते मी पाहिलंय, कधी बोलले नाही. तुला तेच चालत असेल तर तसंच राहू दे. हे ऑपरेशन केलंच पाहिजे असं नाही. करायचं असेल तर मी रजा काढून येते.

आणि बाबा, सर्जन विचारतील तेव्हा उत्तर आईला देऊ द्या. जुन्या रिपोर्टांची पिशवी कपाटाच्या वरच्या खणात आहे, ती तेवढी न विसरता न्या.

तुमची,
धाकटी