हदीस संशोधनात भारत कुठेय?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला हदीसवरच्या, म्हणजे पैगंबर मुहम्मदांच्या उक्ती-कृतींबद्दल सांगितल्या गेलेल्या कथनांवरच्या संशोधनाचा लेख वाचला, चांगलाय, पण गोल्डझिहर, शाख्त, मोट्झ्की या युरोपियन अभ्यासकांचीच नावं घेऊन हा सगळा अभ्यास युरोपातच झाला असं वाटायला लावणं काही पटलं नाही. शाख्तनी 1950 मध्ये बहुतेक सनदी, म्हणजे हदीस कोणी कोणाकडून ऐकली याच्या साखळ्या, नंतर जोडलेल्या आहेत असं मांडलं, त्याला मोट्झ्कींनी 1991 मध्ये उत्तर दिलं ते अब्दुर्रज्जाकच्या 'मुसन्नफ' या जुन्या हदीस-संग्रहावरून. त्यात इब्न जुरैज आपल्या गुरूला, मक्केच्या अताला, प्रश्न विचारतो आणि अता कधीकधी सरळ माहीत नाही म्हणतो, आता खोटं रचणारा गुरूच्या तोंडी असं कशाला घालेल? हा मुद्दा शक्य झाला कारण ग्रंथ छापून हातात आला होता, आणि त्याची हस्तलिखितं लावून 11 खंड तयार करणारे हबीबुर्रहमान आझमी उत्तर प्रदेशातल्या मऊचे!

हैदराबादच्या दायरतुल मआरिफ या प्रकाशन संस्थेनं तर त्याच्याही कितीतरी आधी इब्न हजरचा 'तहजीब' हा ग्रंथ छापला, हदीस सांगणाऱ्यांची चरित्रं त्यातच शोधतात. त्या काळी मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता, निदान मराठी लेखात तरी याच्यावर दोन ओळी यायला हव्या होत्या की नाही?

– एक वाचक, परभणी