समुद्र किती फूट चढतो?

बडोदे
३ जून २०२५

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

तुम्ही दोघं ऑक्टोबरपर्यंत अमेरिकेत, फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला दादाकडे, म्हणून मला तिकडच्या वादळांची काळजी. रविवारी फोनवर तो विषय निघाला तर बाबा म्हणाले, "पाणी येऊन येऊन किती येणार? गेल्या वर्षी आलं तेवढंच ना!" आणि लगेच फोन आईकडे दिला. माझं उत्तर तोंडातच राहिलं. दोन दिवस तेच मनात घोळतंय, म्हणून लिहायला बसले. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरांत छापून बाबांच्या हातात दे.

बाबा, गेल्या सप्टेंबरात दादाच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं ते हेलेन वादळाचं. भिंतींचा खालचा भाग कापून नवा बसवावा लागला, वहिनीचं लाकडी कपाट फुगून गेलं. पण ते वादळ दादाच्या गावावर आलंच नव्हतं. त्याचं केंद्र शंभर मैलांहूनही लांबून, भर समुद्रातून उत्तरेला सरकलं आणि नुसत्या जाता जाता सेंट पीटर्सबर्गला सहा फुटांहून जास्त पाणी चढवून गेलं. तेव्हा गुडघाभर पाणी ही कमाल मर्यादा धरू नका. दादाचं गाव ज्याच्या काठी आहे त्या टँपाच्या उपसागरावर मोठं वादळ थेट आलं ते २५ ऑक्टोबर १९२१ ला. तेव्हा दहा ते बारा फूट पाणी चढलं होतं.

याला तिकडे स्टॉर्म सर्ज म्हणतात. मी त्याला वादळाचं उधाण म्हणते. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो म्हणून समुद्र थोडा फुगतो, पण तो भाग लहान आहे. दाब एक मिलिबारने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं. अगदी भयंकर वादळातही शंभरेक मिलिबार धरा, म्हणजे मीटरभर. बाकी सगळं काम वाऱ्याचं. तो तासन् तास पाणी किनाऱ्याकडे लोटत राहतो. समुद्र खोल असला तर लोटलेलं पाणी खालून परत जातं. उथळ असला तर त्याला जायला जागाच नसते, मग ते जमिनीवर चढतं. मायामीच्या बाजूला किनाऱ्याजवळच समुद्र खोल होतो, तिथे उधाण त्या मानाने कमी येतं. दादाच्या बाजूला मात्र कितीतरी मैल आत गेलं तरी समुद्र उथळच.

तुम्ही आम्हाला लहानपणी कावी-कंबोईला नेलं होतं, आठवतं? स्तंभेश्वराची पिंड डोळ्यांदेखत पाण्याखाली गेली आणि मी घाबरून आईचा पदर धरला होता. खंभातचं आखात आत आत निमुळतं होत जातं, म्हणून तिथे भरती एवढी चढते. बंगालच्या उपसागराचं वरचं टोकही तसंच आहे, निमुळतं आणि उथळ. १९७० च्या भोला चक्रीवादळात तिथे सुमारे दहा मीटर पाणी चढलं आणि तीन लाखांहून जास्त माणसं गेली. १८७६ साली बाकरगंजला याहूनही जास्त, बारा मीटरच्या आसपास. ऑस्ट्रेलियातल्या १८९९ च्या एका वादळाचा तेरा मीटरचा आकडा सांगतात, पण त्यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. अमेरिकेतला मोठा आकडा २००५ च्या कॅटरिनाचा, मिसिसिपीच्या किनाऱ्यावर जवळजवळ अठ्ठावीस फूट. आपल्या बडोद्यातल्या, समा भागातल्या घराची गच्ची डोळ्यांपुढे आणा. ती त्याच्या खाली गेली असती.

आणि बाबा, तुमचं ते "पाच नंबरचं असेल तर बघू" मला मुळीच पटत नाही. तो एक ते पाच नंबर फक्त वाऱ्याच्या वेगाचा असतो. कॅटरिना किनाऱ्याला लागलं तेव्हा तीन नंबरचं होतं. २००८ चं आइक तर दोनच नंबरचं, तरी टेक्ससच्या बोलिव्हर द्वीपकल्पावर पंधरा ते वीस फूट पाणी घालून गेलं, कारण त्याचा घेर प्रचंड होता. उलट २००४ चं चार्ली चार नंबरचं, पण आटोपशीर. त्याचं उधाण सहा-सात फुटांवरच थांबलं. अशी गल्लत होते म्हणूनच २०१० मध्ये त्या नंबरांच्या तक्त्यातून उधाणाचे आकडे काढून टाकले. तेव्हा बातम्यांत नंबर ऐकू नका, फूट ऐका. ते फूट नेहमी कोरड्या असणाऱ्या जमिनीवर किती पाणी उभं राहील त्याचे असतात, आणि त्यावरच्या लाटा वेगळ्या.

गेल्या ऑक्टोबरात मिल्टन वादळ आलं तेव्हा टँपाचं पाणी चढायच्या ऐवजी ओसरलं, हे तुम्ही मला दोनदा ऐकवलंत. खरं आहे ते. तिकडची वादळं घड्याळाच्या उलट फिरतात. समुद्राकडून जमिनीकडे तोंड केलं तर, केंद्र ज्या जागी जमिनीला लागतं त्याच्या उजव्या हाताला वारा पाणी आत ढकलतो, डाव्या हाताला बाहेर. मिल्टन थोडं दक्षिणेला, 'सिएस्टा की' नावाच्या बेटावर लागलं, म्हणून दादाचं गाव डाव्या हाताला पडलं. तेच केंद्र थोडं उत्तरेला लागलं असतं तर? एवढ्या थोड्या अंतराचा अंदाज आदल्या दिवशी कोणीच छातीठोक देऊ शकत नाही.

आता मला जे बोलायचं होतं ते. गेल्या ऑगस्टची रात्र मी विसरलेले नाही. विश्वामित्री नदीचं पाणी वाढतंय म्हणून मी संध्याकाळी रिक्षा घेऊन आले होते. तुम्ही म्हणालात, "चाळीस वर्षं या घरात आहे, उंबरा कधी ओलांडला नाही." मध्यरात्री पाणी देवघरापर्यंत आलं. आई अंधारात देव पदरात बांधून जिना चढली. दोन दिवस तुम्ही गच्चीवर, खाली गल्लीत मगर फिरतेय असं शेजारी ओरडून सांगत होते आणि मी माझ्या घरी मांजलपूरला फोन हातात धरून बसले होते, तो लागत नव्हता. बाबा, तुमच्यावर मी रागावले नाही, तेव्हाही नाही. पण मी फार घाबरले होते.

तरी नदीने वेळ दिला होता. पुलावर जाऊन पाणी बघता येत होतं. समुद्र तसा वेळ देत नाही. वारा वाढला की पूल बंद करतात, आणि दादाचं गाव तीन बाजूंनी पाण्यात. तिथून निघायचं ते आभाळ निरभ्र असतानाच, कशाला निघतोय असं वाटत असतानाच. दादाचं घर एकमजली, तिथे चढायला गच्ची नाही, आणि तुमच्या गुडघ्यांना माळ्याची शिडी झेपणार नाही. फार लांब जायचं नाहीये, वाऱ्याला टिकेल अशा उंचावरच्या घरी जायचंय. दादा "चला" म्हणाला की वाद नको.

आई, तू पंधरा दिवसांची औषधं, दोघांचे पासपोर्ट आणि देव एका पिशवीत आत्ताच भरून ठेव. ऑक्टोबरात परत येईपर्यंत ती दाराशीच असू दे. सगळ्यात जास्त वादळं सप्टेंबरात येतात.

इकडे ऊन अजून तसंच आहे. घर पुसून, झाकून ठेवलंय. कैऱ्या आल्या, लोणचं तुझ्या हाताच्या अंदाजाने घातलंय, मीठ किंचित जास्त झालंय असं वाटतं.

बाबा, एक काम करा. दादाच्या दारापुढची जमीन समुद्रापासून किती फूट उंच आहे आणि त्याचं घर घरं रिकामी करण्याच्या कुठल्या झोनमध्ये येतं, अ, ब की आणखी कुठला, ते त्याला विचारून तुमच्या अक्षरात कागदावर लिहा आणि फोटो काढून मला पाठवा. रविवारच्या फोनच्या आधी.

तुमची,
मनू