इंग्रजीचं इंजिन पुढे असतं

संपादक महोदय,

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला इंग्रजी शिकवणारा कॉलम मी नेमानं वाचते, पण गेल्या वेळी त्यात 'ट्राय अँड कॉल' आणि 'गो गेट' ही अशिक्षित लोकांची इंग्रजी आहे असं ठोकून दिलंय ते काही पटलं नाही म्हणून लिहितेय. 'ट्राय अँड' सतराव्या शतकापासून इंग्रजीत वापरात आहे, आणि 'गो गेट' आज अमेरिकन लोक दिवसातून दहादा म्हणतात, ब्रिटिश लोक मध्ये एक 'अँड' घालून 'गो अँड गेट' म्हणतात एवढाच काय तो फरक. ऑफिसच्या रिपोर्टमध्ये 'ट्राय टु' लिहा हे मान्य, पण बोलताना चूक? नाही हो.

उलट या दोन्हीत एक गंमत आहे जी कॉलममध्ये यायला हवी होती. 'आय विल गो गेट इट' चालतं, 'दे गो गेट इट' पण चालतं, पण 'ही गोज गेट्स इट' किंवा 'आय वेंट गॉट इट' म्हणून बघा, समोरचा लगेच अडखळेल. 'ट्राय अँड' चं पण तसंच, 'आय ट्राइड अँड कॉल्ड' म्हणलं की अर्थच बिघडतो. म्हणजे क्रियापदाला काही चिकटलेलं नसेल, अगदी कोरं असेल तेव्हाच ही जोडी जमते. शिकलेल्या न शिकलेल्या सगळ्याच इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडात हा नियम पक्का बसलेला असतो आणि त्यातल्या बहुतेकांना तो आहे हेच माहीत नसतं!

माझं खरं दुखणं मात्र वेगळंच आहे. शाळेत आपल्याला बारा काळांचा तक्ता पाठ करायला लावला, आय गो, आय ॲम गोइंग, आय हॅव गॉन वगैरे, तो मला आजही झोपेत म्हणता येईल. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात एका कॉलवर पलीकडची बाई म्हणाली, 'आय वॉज गोना हॅव टु आस्क यू टु लेट मी गो चेक.' मला फक्त 'चेक' कळलं आणि मी 'येस येस' म्हणून मोकळी झाले, ती उठून गेली आणि मी पाच मिनिटं कोऱ्या स्क्रीनकडे बघत बसले. नंतर कागदावर लिहून मोजलं तर सात क्रियापदं निघाली, वॉज, गोइंग ('गोना' म्हणजे 'गोइंग टु' च), हॅव, आस्क, लेट, गो, चेक. एकही अवघड नाही, पाचवीच्या पुस्तकातली सगळी, पण एकामागे एक आली की डब्यांना डबे लागून मालगाडी होते आणि आपण फाटकावर उभे.

तेच मराठीत करून बघितलं, 'जाऊन बघू द्या असं तुम्हाला सांगावं लागणार होतं.' आता हे शेवटाकडून वाचा. होतं म्हणजे वॉज, 'णार' म्हणजे गोइंग, लाग म्हणजे हॅव टु, सांगावं म्हणजे आस्क, द्या म्हणजे लेट. उलटी गाडी! फक्त जाऊन-बघू तेवढं दोन्हीकडे सरळ राहिलं, कारण आधी जायचं मग बघायचं हा क्रम कुठली भाषा बदलणार. आपलं इंजिन मागे लावलेलं असतं, काळ कुठला ते शेवटच्या 'होतं' वरून कळतं, म्हणून वाक्य संपेपर्यंत कान देऊन ऐकायची सवय आपल्याला. इंग्रजीत इंजिन पुढे, 'वॉज' ऐकला की काळ समजला, पुढचे डबे नुसते ओढले जातात. हे कळलं त्या दिवसापासून मी पहिल्या क्रियापदाला कान टवकारायला लागले आणि कॉल निम्मे सोपे झाले, खरंच.

आता डबे जोडायचे कसे, तर पुढच्यानं कुठलं रूप घ्यायचं ते आधीचा ठरवतो. कॅन, विल, मस्टच्या नंतर कोरं रूप, हॅवच्या नंतर तिसरं रूप, चालू क्रियेच्या 'बी' च्या नंतर आयएनजी, म्हणून 'मस्ट हॅव बीन स्लीपिंग'. चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञानं 1957 मध्ये या सहायक क्रियापदांची मांडणी एका ओळीच्या नियमात करून दाखवली होती. पण वॉन्ट, एन्जॉय, होप, अव्हॉइड असल्या साध्या क्रियापदांना एका ओळीचा नियम नाही, वॉन्टला 'टु' लागतो, एन्जॉयला आयएनजी, आणि हेल्पला 'टु' घाला नाहीतर गाळा. मेकचं तर विचारूच नका, 'दे मेड हिम वेट' मध्ये 'टु' नाही आणि वाक्य उलटवलं की 'ही वॉज मेड टु वेट', कुठून उगवला देव जाणे. अशा पुढचं क्रियापद जोडून घेणाऱ्या क्रियापदांना व्याकरणवाले कॅटेनेटिव्ह म्हणतात, लॅटिनमध्ये कॅटेना म्हणजे साखळी.

काही ठिकाणी तर अर्थच फिरतो. 'ही स्टॉप्ड टॉकिंग' म्हणजे बोलायचा थांबला, 'ही स्टॉप्ड टु टॉक' म्हणजे बोलण्यासाठी थांबला. एक गप्प झाला, एक सुरू झाला, आणि आपण दोन्हीचं भाषांतर 'तो बोलायला थांबला' करून मोकळे. आणि ईमेलमध्ये आपण सगळेच 'लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू' लिहितो ना, तिथे 'मीटिंग' हवं, कारण तो 'टु' क्रियापदाचा नाहीच, 'कडे' या अर्थाचा आहे. मी स्वतः सहा वर्षं चुकीचं लिहिलं, कुणी बोललं नाही. 'गोना' चं पण असंच, 'आय ॲम गोना ईट' चालतं पण 'आय ॲम गोना ऑफिस' नाही, जागेकडे जायचं असेल तर पूर्ण 'गोइंग टु' च म्हणावं लागतं.

(अमेरिकेच्या दक्षिणेत आणि स्कॉटलंडमध्ये काही लोक 'माइट कुड' अशी दोन-दोन सहायक क्रियापदं एकदम वापरतात, तुमच्या कॉलमवाल्यांनी ते ऐकलं तर काय होईल त्यांचं!)

तर विनंती एवढीच की पुढचे चार-पाच रविवार तक्ते बाजूला ठेवा आणि दर वेळी एक अशी लांब साखळी छापा, खाली मराठी, शेवटाकडून बाण काढून. आणि 'ट्राय अँड' ची दुरुस्ती छापलीत तर बरं, कारण माझ्या भाच्यानं ते कात्रण फ्रिजवर चिकटवलंय आणि मी बोलले की मलाच ते दाखवतो.

आपली,
एक नेहमीची वाचक