बाटल्या मोजल्या, कंद मोजले का?

महोदय,

‘एका कंदापासून हजारो रोपे’ ही कळलावी या रानवेलीच्या टिश्यू कल्चरवरची (प्रयोगशाळेत बाटलीत रोपं वाढवण्यावरची) कालची बातमी वाचून राहवलं नाही. बाटल्या मोजून रोपांचा आकडा छापता येत नाही.

कंदाचा ‘डोळा काढून माध्यमात लावतात’, म्हणजे बाटलीतल्या जेलीसारख्या पोषक मिश्रणात, एवढ्यावर बातमी आटोपते. मातीत वाढलेला तो डोळा! तो निर्जंतुक करायला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, मग 70 टक्के अल्कोहोल अर्धा मिनिट, 0.1 टक्के मर्क्युरिक क्लोराइड चार-पाच मिनिटं, एवढं करूनही बाटल्या बुरशीनं जातात. वेळ वाढवावी तर डोळाच करपतो. कापलेल्या जागेतून फिनॉल ही रसायनं सुटून माध्यम तपकिरी पडतं, म्हणून कोंब लवकर नव्या बाटलीत हलवावा लागतो. फुटवे वाढवायच्या नादात बीएपी हे फुटवे आणणारं संप्रेरक जास्त झालं की कोंब पाणचट, काचेसारखे होतात. असे कोंब बाहेरच्या हवेत टिकत नाहीत.

आणि हार्डनिंगचा, म्हणजे रोपाला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावण्याचा, बातमीत उल्लेखच नाही! बाटलीतल्या पानावर मेणाचा थर जेमतेम असतो, त्याची रंध्रं (बारीक छिद्रं) नीट मिटत नाहीत, म्हणून ते बाहेर पटकन सुकतं. मुळांना चिकटलेलं अगार (माध्यमातली ती जेली) कोमट पाण्यानं पूर्ण धुवायचं, नाहीतर त्यातल्या साखरेवर बुरशी धरते. मग कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) लावून वर पिशवी, आणि तीन-चार आठवडे रोज थोडी थोडी उघडायची.

टिश्यू कल्चरची केळी आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, पण कळलावी केळीसारखी नव्हे. पावसाळा सरला की तिचा वेल वाळतो आणि ती कंदात झोपते. गेल्या साली भुदरगडातल्या एका शेतकऱ्याला सप्टेंबरात रोपं दिली गेली. डिसेंबरात वेल वाळले. जूनमध्ये वाफे उकरले तर बहुतेक ठिकाणी कंद धरलेलाच नव्हता. देणाऱ्यांच्या हिशेबात मात्र ती रोपं ‘यशस्वी’. जूनच्या सुरुवातीला लावली असती तर कंद पोसायला अख्खा पावसाळा मिळाला असता. दुसऱ्या पावसाळ्यात उगवेल तेच रोप यशस्वी धरावं.

आणखी एक. फोटोखाली कळलावी सापडते ती राधानगरीजवळची नेमकी जागा कशाला छापली? लोक तिथं कंद उकरायला जातील. कळलावीचा कंद उकरताना टोकाचा डोळा मोडला की तो कंद पुन्हा फुटत नाही. कंद जालीम विषारी आहे, हेही कुठं लिहिलेलं नाही. इंटरनेट आवृत्तीतून ती जागा आजच काढावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, कोल्हापूर