अनुदान गेलं म्हणून शेती बुडत नाही

संपादक महोदय,

'सरकारी आधार काढला तर शेतकरी संपेल' हा तुमच्या अग्रलेखातला मुद्दा मला अजिबात पटला नाही. न्यूझीलंडचंच बघा, १९८४ पर्यंत तिथे अनुदान मिळतंय म्हणून लोक मेंढ्या वाढवत सुटले होते, आकडा ७ कोटींवर गेला, आणि मटणाला गिऱ्हाईक नाही म्हणून शेवटी त्याचं चक्क खत करायची वेळ आली. मग लेबर सरकारने जवळपास सगळीच अनुदानं बंद केली. पहिली काही वर्षं फार जड गेली, व्याजदर चढलेले, जमिनीचे भाव पडलेले, हे मान्यच आहे. पण बहुतेक शेतकरी टिकले, मेंढ्या कमी करून दूध, द्राक्षं, जे खपतं त्याकडे वळले, आणि हे त्यांना कुठल्या खात्याने शिकवलं नव्हतं.

– एक वाचक