मुखपृष्ठावरचा चेहरा छपाईमुळे उजळत नाही

महोदय,

महिला मासिकांच्या दिवाळी विशेषांकांची मुखपृष्ठे सध्या मुंबईतल्या स्टुडिओंमध्ये तयार होत आहेत. सावळ्या मॉडेलचा चेहरा इतका उजळ का केला, असे विचारले की एक ठरलेले उत्तर मिळते : ‘छपाईत चेहरा काळा पडतो.’ मुखपृष्ठांचे छायाचित्रण, रिटचिंग (संगणकावर छायाचित्रात केलेले फेरफार) आणि छपाई हे आमचे रोजचे काम आहे. हे उत्तर अर्धेच खरे आहे, हे वाचकांना कळायला हवे.

खरा भाग असा. ऑफसेट छपाईत शाईचा ठिपका कागदावर थोडा पसरतो. फाइलमध्ये निम्मी, म्हणजे ५० टक्के जागा व्यापणारा ठिपका चकचकीत आर्ट पेपरवर साधारण ६५ टक्क्यांचा दिसतो, न्यूजप्रिंटवर, म्हणजे वृत्तपत्राच्या कागदावर, ७५ च्या आसपास जातो. त्वचेचा रंग नेमका या मधल्या पट्ट्यात येत असल्याने चेहरा गडद होतो. पण हा पसारा किती असेल हे आधीच माहीत असते. प्रेस आणि कागद ठरला की त्याचा प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतात याची नोंद) फाइलला लावायचा, म्हणजे छपाईची प्लेट बनतानाच तेवढी भरपाई होते. त्यासाठी चेहरा गोरा करावा लागत नाही.

सावळा रंग मळकट दिसतो तो बहुधा शाईच्या चुकीच्या मिश्रणामुळे. गोऱ्या त्वचेला सायन (निळसर) १० ते १५, मॅजेंटा (किरमिजी) ४०, पिवळी ५० टक्के आणि काळी शून्य असे काहीसे प्रमाण लागते. गडद सावळ्या त्वचेला सायन ४०, मॅजेंटा ६०, पिवळी ७० आणि काळी १० ते १५ टक्क्यांच्या आत ठेवावी. पडद्यावरच्या रंगांचे छपाईच्या शायांत घाईत रूपांतर केले की काळी शाई वाढते, गालाची ऊब जाते, चेहरा राखाडी दिसू लागतो. मग शाई सुधारण्याऐवजी कर्व्ह (उजळपणा ठरवणारी रेषा) वर ओढून सगळा चेहराच उजळला जातो.

प्रकाशाचेही तसेच. पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीपुढे सावळी व्यक्ती उभी केली की कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर फसते आणि चेहरा अंधारतो. पार्श्वभूमी मध्यम छटेची घ्यावी, मऊ प्रकाश देणारा मोठा सॉफ्टबॉक्स बाजूने लावावा, दुसऱ्या बाजूला प्रकाश परतवणारा रिफ्लेक्टर ठेवावा आणि एक्स्पोजर चेहऱ्यावरून मोजावे. सावळ्या त्वचेवर कपाळाची, गालाच्या हाडाची चमक फार सुंदर उठते. चेहऱ्याचा आकार त्या चमकेतूनच दिसतो, आणि सपाट पांढऱ्या प्रकाशात नेमकी तीच मरते. सत्राच्या पहिल्या फ्रेममध्ये मॉडेलच्या हाती २४ रंगांचे कार्ड द्यावे. त्यातला पहिलाच चौकोन गडद त्वचेचा आहे. पुढे कोणी रंग बदलला तर त्याच्याशी ताडून लगेच कळते.

बहुतेक वेळा बदल मेकअपच्या खुर्चीतच सुरू होतो. चेहऱ्याला दोन छटा उजळ फाउंडेशन लावले की मान आणि हात वेगळे दिसतात. मग रिटचिंगमध्ये मान उजळायची, पाठोपाठ कोपरे, बोटांची पेरे. त्वचेचा पोत पुसला गेला की रंध्रे जातात, चेहरा मेणाचा होतो. पन्नाशीच्या अभिनेत्रीच्या ओठांच्या कडेच्या रेघा काढल्या की तिचे हसूच खोटे वाटते. लिक्विफायने (आकार ओढून बदलणाऱ्या साधनाने) कंबर आत घेतली की साडीचा जरीकाठ तिथे विनाकारण वळतो, बांगडी लंबगोल होते, मागच्या दाराची चौकट वाकते. वाचकांनी हातातले मुखपृष्ठ या जागी तपासून पाहावे.

हाताविषयी एक गोष्ट. मुखपृष्ठावरच्या स्त्रीचा हात गालाला, केसांना किंवा आरतीच्या ताटाला लागलेला असतो. आतल्या पानांत डॉक्टर, उद्योजक, मोटरवुमन यांच्या मुलाखती असतात, पण त्यांच्या कामाची वस्तू मुखपृष्ठावर क्वचितच येते. आम्हाला हे रंगाइतकेच खटकते.

गोरेपणाची ओढ फोटोशॉपने आणली, असे नाही. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या कुंचल्यातल्या स्त्रिया दिवाळी अंकांवर असत तेव्हाही ती होतीच. पण ते चित्र आहे हे वाचक जाणत होता. छायाचित्राकडे तो पुरावा म्हणून पाहतो, आणि शाळकरी मुलगी आरशासमोर स्वतःला त्या पुराव्याशी ताडते.

जाहिरातींना निदान काही बंधन आहे. त्वचेच्या रंगावरून कमीपणा दाखवू नये, असे निर्देश मुंबईतच मुख्यालय असलेल्या अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने २०१४ मध्ये काढले. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलची अंगकाठी बदललेल्या जाहिरातीवर ‘छायाचित्रात फेरफार’ अशी सूचना छापावी लागते. न छापल्यास दंड ३७,५०० युरोंपर्यंत होऊ शकतो. मासिकाचे मुखपृष्ठ मात्र संपादकीय मजकुरात मोडते, त्यामुळे ते अशा नियमांबाहेर राहते.

म्हणून आमची मागणी संपादकांकडे आहे. साडी, दागिने, मेकअप, छायाचित्र यांची श्रेयनामावली अनुक्रमणिकेजवळ छापली जातेच. तिथेच रिटचिंगची एक ओळ द्यावी : ‘फक्त धूळ व रंगसंतुलन’ किंवा ‘त्वचेच्या रंगात / आकारात बदल’. प्रूफवर (छपाईआधीच्या नमुन्यावर) सही करताना मूळ फ्रेम शेजारी ठेवावी आणि गालाचा रंग दोन्हींत ताडून पाहावा. यात खर्च नाही, पाच मिनिटे जातात.

नवरात्रात मुंबईच्या वृत्तपत्रांत लोकलच्या डब्यांतल्या, कचेऱ्यांतल्या स्त्रियांचे नऊ रंगांतले फोटो येतात. तो कागद आर्ट पेपरपेक्षा कितीतरी हलका, तरी त्या चेहऱ्यांचे रंग ओळखू येतात. ‘छपाईत काळे पडते’ हे कारण तिथेच निकाली निघते. आपल्या महिला पुरवणीच्या पहिल्या पानापासूनच रिटचिंगची ही ओळ सुरू करावी, अशी विनंती आहे. अक्षरे अगदी बारीक, ६ पॉइंटची असली तरी चालतील.

– मुखपृष्ठांचे काम करणारे काही छायाचित्रकार, रिटचर व छपाई तंत्रज्ञ, दादर, मुंबई